तैलरंगातली दीड वर्षं: पितळी तपेली, वांगी आणि बाबांचं तिसऱ्यांदा बिघडलेलं चित्र

गेरू
९ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

दीड वर्षापूर्वी जलरंग बाजूला ठेवले आणि तैलरंग हातात घेतले. नोकरीमुळे रोज सकाळचा तासभर आणि रविवार एवढाच वेळ मिळतो. आत्तापर्यंत ३१ स्थिरचित्रं, ११ व्यक्तिचित्रं आणि ३ मास्टर कॉपी (जुन्या नामवंत चित्रांच्या नकला) झाल्या, बहुतेक सगळी ९ × १२ इंची बोर्डवर. जागा म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यातलं दोन खोल्यांचं घर, उत्तरेकडे एक खिडकी आणि तिला लागून इझल, म्हणजे चित्र ठेवायची घोडी.

[चित्र १: कांदे आणि लसणाची गड्डी, पहिला महिना]
[चित्र २: पितळी तपेली, दोन वांगी, लिंबू, गेला आठवडा]
[चित्र ३: बाबा, तिसरा प्रयत्न]

चित्र १ मधली चूक आता मला दिसते. उजळ करायचं म्हटलं की पांढरा घालत गेले, त्यामुळे सावल्यासुद्धा पीठ भुरभुरल्यासारख्या झाल्यात. चित्र २ मला मनापासून आवडतं. तपेली आजीची आहे, कल्हई गेलेली, एका बाजूला पोचा आलेली. तो पोचा रंगवताना मी सगळं विसरले होते.

धागा काढलाय तो चित्र ३ साठी. बाबा ७४ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं टर्नर होते, लेथ मशीनवर काम करायचे. सकाळी आठला चहा झाला की पाऊण तास खिडकीपाशी बसतात. साम्य आलंय; नाक, हनुवटी, नाकावरची चष्म्याची खूण, सगळं जागच्या जागी आहे. शेजारच्या काकूंनी लांबूनच ओळखलं. पण हे माझे बाबा नाहीत. कातडी धातूची वाटते आणि डावा गाल आजाऱ्यासारखा हिरवट दिसतो. तीनदा खरवडून पुन्हा केलं, तिन्ही वेळा तेच झालं. रंग चारच घेतले होते: यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, टिटॅनियम व्हाइट.

काय चुकतंय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

तलावपाळी
९ मार्च, रात्री ११.०५

तपेली सुरेख! पोच्यावरचा उजेड बघून हात लावावासा वाटला.

कोळसाकाडी
१० मार्च, सकाळी ७.२०

हिरवटपणा पॅलेटमधून, म्हणजे निवडलेल्या रंगांमधून आलाय असं वाटतं. हे चार रंग म्हणजे स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट. त्यात निळा नसतो, निळ्याचं काम काळ्याने करायचं. आयव्हरी ब्लॅक थंड असतो आणि ऑकरमध्ये मिसळला की चक्क ऑलिव्ह हिरवा होतो. तुम्ही सावली ऑकर अधिक काळा अशी केली असणार. त्यात लाल वाढवून बघा.

गेरू
१० मार्च, सकाळी ७.५०

कोळसाकाडी, लाल वाढवून पाहिला होता. गाल तपकिरी होतो, पण मग समोर बसलेल्या बाबांशी जुळत नाही. मला तो गाल खरंच हिरवा दिसतो. आता डोळ्यांवरच विश्वास बसेनासा झालाय.

जवस
१० मार्च, दुपारी ३.१५

गेरूताई, मी ऐरोलीत राहतो. २६ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. तुमचं चित्र मोठं करून बराच वेळ पाहिलं. दोन गोष्टी दिसतात, दोन्ही वेगवेगळ्या आहेत, एकत्र करू नका.

पहिली कातडीची. चित्र २ मध्ये तुम्ही पितळेवर जो सगळ्यांत तेजस्वी ठिपका दिलाय तो पिवळसर आहे, आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. सोनं, तांबं, पितळ हे रंगीत धातू परावर्तित उजेडाला आपला रंग देतात, म्हणून पितळेवरची चमक पितळेच्या रंगाची. वांग्याचं तसं नसतं. वांगं जांभळं असलं तरी त्यावरची चमक जांभळी नसते, ती खिडकीच्या रंगाची असते, म्हणजे आकाशाकडून येणारी थंड, किंचित निळसर पांढरी. वांग्यावर तुम्ही ती तशीच दिलीत, बहुधा नकळत. आता बाबांचं कपाळ बघा. तिथली चमक तुम्ही ऑकर आणि पांढऱ्याची केलीत, म्हणजे तपेलीची. माणसाची कातडी चमकते ती वरच्या तेलामुळे, घामामुळे, आणि ती चमक वांग्याच्या जातीची असते. बाबांना तुम्ही पितळेच्या नियमाने रंगवलंत, म्हणून ते देवघरातल्या मूर्तीसारखे दिसतात.

दुसरी गोष्ट हिरव्याची. त्याबद्दल एक प्रश्न विचारतो: खिडकीसमोर काय आहे?

गेरू
१० मार्च, दुपारी ३.४०

काका, कपाळाबद्दलचं वाचून मी वांगं आणि तपेली पुन्हा मांडून ठेवलीत आणि समोर बसले आहे. तुम्ही म्हणता तसंच आहे. इतके महिने रोज बघत होते तरी हे मला शब्दांत सापडलं नव्हतं.

खिडकीसमोर गल्ली आणि गल्लीपलीकडे जुनी चाळ पाडून उठणारा टॉवर. अठरा मजल्यांचा सांगाडा, वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी.

लिहिता लिहिताच लक्षात आलं.

जवस
१० मार्च, संध्याकाळी ५.०२

तेच. तुमची खिडकी उत्तरेची, म्हणजे समोरच्या इमारतीची तुमच्याकडची बाजू दक्षिणेची. या दिवसांत ऊन दक्षिणेकडून येतं आणि सकाळपासून त्या जाळीवर पडतं. ती उजळलेली जाळीच तुमचा दिवा झाली आहे. उद्या बाबा बसले की त्यांच्या गालाजवळ एक कोरा पांढरा कागद धरा आणि खोलीच्या आतल्या बाजूला दुसरा. फरक दिसेल. तुमचे डोळे खरं तेच सांगत होते.

कोळसाकाडी
१० मार्च, संध्याकाळी ६.३०

माझा अंदाज चुकला, पण हे फार उपयोगी निघालं. माझ्या घरी गुलाबी भिंतीची इमारत समोर आहे. माझ्या सगळ्या व्यक्तिचित्रांत गाल लाल का येतात ते आज कळलं.

गेरू
११ मार्च, सकाळी ९.१०

कागद धरून पाहिला. खिडकीकडचा कागद कच्च्या कैरीच्या आतल्या गरासारखा. बाबांनाही दाखवला, त्यांनी चष्मा काढून, लावून, दोनदा बघितलं.

खालच्या तावदानांना आता ट्रेसिंग पेपर लावलाय आणि वरच्या तावदानांतून येणारा फक्त आकाशाचा उजेड घेते आहे. जाळी निम्म्याहून जास्त दिसेनाशी झाली.

येऊरची_वाट
१४ मार्च, रात्री ९.५५

नवशिक्याचा प्रश्न. मी नुकतेच तैलरंग घेतलेत. घरात लहान मूल आहे, टर्पेंटाइनचा वास नको. ब्रश धुवायला खोबरेल तेल वापरलं तर चालेल का? आणि मिश्रणासाठी किराणा दुकानातलं जवसाचं तेल?

जवस
१५ मार्च, सकाळी ८.३०

खोबरेल नको. तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून रंग टिकतो. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल असं कधीच वाळत नाही. ब्रशमध्ये राहिलेलं खोबरेल पुढच्या चित्रात गेलं की तो भाग महिनोन्महिने चिकट राहील. ब्रश आधी कागदाने नीट पुसा, मग चित्रकलेच्या दुकानातल्या जवस किंवा करडईच्या तेलात घोळवा, शेवटी साबण आणि कोमट पाणी. असं केलं की टर्पेंटाइन लागतच नाही. रंग पातळ करायचं बिनवासाचं सॉल्व्हेंट मिळतं, पण वास नाही म्हणजे वाफ नाही असं नव्हे. मूल ज्या खोलीत झोपतं तिथे तेही नको. किराणा दुकानातलं तेल खाण्यासाठी काढलेलं असतं. चित्रासाठी शुद्ध केलेलंच घ्या.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, चुरगळलेल्या कापडात ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. चिंधी दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी यात आळस करू नये.

येऊरची_वाट
१५ मार्च, सकाळी ८.५०

चिंध्यांचं अजिबात माहीत नव्हतं. आत्ताच डबा उपसला. मनापासून आभार.

खारफुटी
२ एप्रिल, रात्री ११.२०

गेरू, एक सुचवू? तुमच्या तिन्ही मास्टर कॉपी गोऱ्या युरोपियन बायकांच्या आहेत. पुस्तकांतही मांसरंगाची कृती म्हणून गुलाबीच सांगतात, आपल्याला घरी रंगवायचे असतात गव्हाळ आणि सावळे चेहरे. सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ, त्याचं ‘हुआन दे पारेखा’ हे व्यक्तिचित्र करून बघा. चित्र १६५० चं, रोममध्ये काढलेलं, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मोठी प्रतिमा फुकट उतरवून घेता येते. पारेखा हा वेलास्केझच्या घरचा गुलाम होता, त्याच्या चित्रशाळेत मदत करायचा. त्याच वर्षी वेलास्केझने त्याच्या मुक्ततेचा कागद केला आणि पुढे तो स्वतः चित्रकार झाला. त्याचं एक मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. हे माहीत झाल्यावर ती नजर वेगळीच दिसते.

तलावपाळी
३ एप्रिल, सकाळी १०.१५

सावळ्या कातडीसाठी स्पेनपर्यंत कशाला जायचं? आपल्याकडे राजा रविवर्मा, पेस्तनजी बोमनजी, धुरंधर, त्रिनदाद एवढी मोठी परंपरा आहे. रविवर्माचं ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघा. हाताआडून येणारा उजेड चेहऱ्यावर काय पडलाय!

जवस
३ एप्रिल, दुपारी १.४०

तलावपाळी, तुमचा मुद्दा पटला, फक्त ते चित्र रविवर्माचं नाही. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगात आहे. समोर त्यांची मुलगीच दिवा घेऊन उभी होती. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, हे चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झालं. ही चूक इतकी पसरली आहे की प्रत्येक वेळी दुरुस्त करावीशी वाटते, कारण त्यात एका मोठ्या मराठी चित्रकाराचं श्रेय जातं.

कॉपीबद्दल माझं मत: दोन्ही करा. रूबेन्स पन्नाशीला आलेला, नाव झालेला चित्रकार होता, तरी १६२८ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा तिथे बसून त्याने तिशियान या आधीच्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या नकला केल्या. नकला करणं हे शिकण्याच्या सुरुवातीचंच काम आहे असं नाही. पण महिन्यातून एकदा लोकल पकडून काळा घोड्याला जा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपियन तैलचित्रं प्रत्यक्ष बघा. पडद्यावर रंगाची जाडी कळत नाही. कुठे पातळ घासून सोडलंय, कुठे पांढरा जाड बसवलाय, हे बाजूने वाकून बघितल्याशिवाय समजत नाही.

गेरू
२० एप्रिल, रात्री ९.३०

[चित्र ४: वेलास्केझवरून, १२ × १४ इंच, दोन आठवडे]

काय काय सापडलं ते लिहून ठेवते.

आधी आकार जुळेना. डोळ्यांची रेघ सारखी वर जायची. बाबा मागे उभे राहून बघत होते, आत गेले आणि कपाटाच्या खणातून त्यांचं आउटसाइड कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचा दोन पायांचा चिमटा, घेऊन आले. लेथवर वापरायचे तेच, तेल लावून जपलेलं. म्हणाले, “नजरेने काढ, पण तपासायला माप घे.” डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर छापील चित्रावर घेतलं, माझ्यावर ठेवलं, दोन सुतांचा फरक निघाला. आता ते कॅलिपर इझलच्या खुंटीला लटकवलेलं असतं.

मग रंग. पारेखाची कातडी गडद आहे म्हणून मी काळा हाताशी ठेवला होता, त्याची जवळजवळ गरज पडली नाही. सावलीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी मातीचा रंग) आणि थोडा लाल. मधल्या छटेत, जिथे गाल वळून सावलीत जातो, तिथे एक राखाडी आहे. वेगळा काढून बघितला तर मेलेला रंग. तिथे ठेवला की रक्त वाहायला लागतं. कपाळावरची चमक थंड, आणि ती किती छोटी आहे! बाबांच्या कपाळावर मी त्याच्या तिप्पट जागा चमकवली होती.

डोळ्यांचा पांढरा भाग तर पांढरा नाहीच. फोनवर चित्र कृष्णधवल करून बघितलं, डोळ्यातला पांढरा गालाच्या उजेडापेक्षा काळा निघाला. लगेच बाबांचं चित्र तसंच करून पाहिलं. माझ्या चित्रात डोळे आणि कपाळ दोन्ही एकाच पांढऱ्यावर ओरडत होते.

कॉलरच्या लेसवर एक सकाळ गेली. जवळून बघितलं तर नुसते तुटक फटकारे, मागे सरकलं की जाळीदार कापड. मी प्रत्येक भोक रंगवायला गेले आणि कागदाचं कातरकाम झालं. ते खरवडलं, उभं राहून, हात लांब करून, मोठ्या ब्रशने केलं, तेव्हा थोडं जमलं.

खारफुटी
२० एप्रिल, रात्री ११.००

चेहरा छान उतरलाय. खांद्याची कड फार कापल्यासारखी आहे. मूळ चित्रात ती मागच्या राखाडीत काही ठिकाणी विरून जाते. सगळ्या कडा सारख्या धारदार असल्या की माणूस पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

गेरू
२१ एप्रिल, सकाळी ७.१५

हो. ओलं आहे तोवर कोरड्या ब्रशने मोडते.

गेरू
१८ मे, सकाळी ९.२०

नवीन अडचण. बाबांचं चौथं चित्र सुरू केलं, यावेळी १६ × २० चा कॅनव्हास. दोन बैठका उत्तम झाल्या. पण गेल्या आठवड्यापासून सकाळी आठला बाबांच्या कानावर थेट उन्हाची तिरीप येते. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही असंच सगळ्या पुस्तकांत लिहिलंय.

जवस
१८ मे, सकाळी ११.४५

ती पुस्तकं लंडन-पॅरिसमध्ये लिहिलेली आहेत. तिथे बहुतांशी खरं आहे, भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेलाच असतो. ठाणे १९ अंशांवर, कर्कवृत्ताच्या खाली. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, आणि उन्हाळ्यात तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या बराच उत्तरेला. म्हणून सकाळ-संध्याकाळ तुमच्या खिडकीत तिरपं ऊन येणारच. बैठक अकराच्या सुमारास घ्या, तेव्हा ऊन जवळजवळ उभं पडतं आणि खोलीत शिरत नाही. समोरच्या जाळीवरही आता पूर्वीइतकं ऊन नसेल, तो एक फायदा. आणि पाऊस सुरू झाला की थांबू नका. भरलेल्या आभाळाचा उजेड तासन्‌तास बदलत नाही, आपल्याकडे व्यक्तिचित्रासाठी त्यासारखा उजेड नाही.

कोळसाकाडी
१८ मे, दुपारी १२.१०

वाचनखूण साठवली. हे कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

गेरू
६ जुलै, रात्री १०.००

पावसाचा उजेड काका म्हणाले तसाच मिळाला. रविवारी अकरा ते साडेबारा. बाबा मधे मधे पेंगतात, मग मी कान आणि सदऱ्याची कॉलर करून घेते.

पण रंग वाळत नाहीयेत. खालचा थर १२ दिवस झाले तरी चिकट आहे. आणि भिंतीला टेकवलेल्या दोन जुन्या कॅनव्हासच्या मागे बुरशीचे ठिपके आलेत.

जवस
७ जुलै, सकाळी ८.१०

खालच्या थरात काळा आणि पांढरा जास्त असेल तर वेळ लागतो, ते दोन्ही मंद वाळतात. अंबर मातीत मँगनीज असतं, त्याने तेल लवकर वाळतं, म्हणून पावसाळ्यात खालचा थर अंबरचा आणि अगदी पातळ ठेवा. वर जसजसे थर येतील तसं तेल वाढवा. उलट केलंत, तर वरचा थर आधी वाळून ताठ होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. चिकट असताना घाईने वर रंगवू नका, पंखा लावा, थांबा.

कॅनव्हास भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे. कपाटात मात्र कोंडू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पडलंच तर काही दिवस उजेडात ठेवा, बरंचसं उतरतं. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पण बाल्कनीत, आणि नाकाला रुमाल बांधून.

गेरू
३ ऑगस्ट, दुपारी ४.३०

[चित्र ५: बाबा, चौथा प्रयत्न, १६ × २०, सात बैठका]

आज सही केली.

कपाळावर एकच थंड ठिपका ठेवलाय, तांदळाच्या दाण्याएवढा. डोळ्यांत पांढरा कुठेच नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तो डाव्यापेक्षा थोडा जास्त चमकतो. आधीच्या तिन्ही चित्रांत मी दोन्ही डोळे सारखे केले होते. उजवा खांदा मागच्या भिंतीत सोडून दिला. डाव्या गालावर थोडा हिरवा ठेवलाय, मुद्दाम. ती जाळी आमच्या या वर्षाचा भाग आहे.

गळ्याखालची कातडी अजून जमलेली नाही, तिथे राखाडी जास्त झाला. हातही आखडलेले आहेत. पण काल रात्री दिवा लावायला खोलीत गेले आणि क्षणभर वाटलं, बाबा अजून बसूनच आहेत.

जवस
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

खूप वेळ बघत बसलो. गळ्याचं तुम्हीच लिहिलंत, त्यामुळे मी काही सांगत नाही. व्हार्निशची घाई करू नका, सहा महिने तरी जाऊ द्या. बाबा काय म्हणाले?

गेरू
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२५

आधी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खुंटीवरचं कॅलिपर काढलं, चित्रातल्या कानापासून हनुवटीपर्यंत धरलं, पण रंग ओला म्हणून टेकवलं नाही. म्हणाले, “हा कान माझ्या वडिलांचा आहे.” आजोबांचा एकच फोटो आहे आमच्याकडे, तो काढून बघितला. खरंच तसाच आहे.

आता आईला विचारलंय. ती म्हणते, नुसती बसणार नाही, मेथी निवडताना काढायचं तर काढ.

तलावपाळी
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे?

गेरू
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

पूर्वेला. समोर वडाचं झाड आहे.